दुसरा माणूस

न्यूयॉर्कमधला गजबजलेला रस्ता, हिवाळ्याचे दिवस. एक माणूस फूटपाथवर थांबतो आणि मान वर करून समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघत राहतो. मिनिटभरच. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. वर बघण्यासारखं काही नव्हतं. तरीही येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४ टक्के लोक त्या एकट्याच्या शेजारी येऊन थांबले. एकाऐवजी १५ माणसं उभी केल्यावर थांबणारे ४० टक्के झाले. न थांबता नुसती मान वर करणारे तर आणखी कितीतरी.

त्या १५ जणांच्या घोळक्याचं मला विशेष वाटत नाही. घोळका दिसला की कुणीही डोकावतं. मला कुतूहल आहे ते एकच माणूस उभा असताना थांबलेल्याचं. पहिला तर प्रयोगवाल्यांनीच उभा केलेला होता. पण हा दुसरा? त्याला कुठे जायचं नव्हतं का? तो थांबेपर्यंत त्या रस्त्यावर फक्त एक विक्षिप्त माणूस होता. हा थांबला आणि तिथे ‘काहीतरी चाललंय’ असं झालं.

समाजमाध्यमांवर एखादा विषय एका रात्रीत सगळ्यांच्या तोंडी कसा होतो, याबद्दल मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि वाचनापेक्षा जास्त वेळ नुसती बघत बसते आहे. एवढ्या सगळ्यात मला हा दुसरा माणूसच सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे. त्याच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पोस्ट कुणी टाकली हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणत्या नटाने किंवा खेळाडूने उचलून धरली तेही. मधे, जेमतेम तीन लाइक असताना ज्याने ती शेअर केली, त्याची आठवण त्याला स्वतःलासुद्धा नसते.

त्याऐवजी होतं काय, की विषय पसरला रे पसरला की दुसऱ्या दिवशी तो का पसरला हे सांगणारे उगवतात. लोकांच्या मनातलं बोललं गेलं, वेळ अचूक साधली, भाषा साधी होती, शेवटी चिमटा होता. सगळं खरं असतं. पण हीच कारणं न पसरलेल्या हजारो पोस्टींनाही लागू पडतात आणि त्यांची चिरफाड करायला कुणी बसत नाही. ४ जानेवारी २०१९ रोजी इन्स्टाग्रामवर एका साध्या अंड्याचा फोटो आला. सगळ्यांत जास्त लाइकचा जागतिक विक्रम करू या, एवढंच त्याखाली आवाहन. दहा दिवसांच्या आत त्याने १ कोटी ८० लाखांचा आधीचा विक्रम मोडला. यातून कोणता धडा घ्यायचा? तसलंच अंडं उद्या पुन्हा टाकून बघा.

यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. फारशा कुणी न ऐकलेल्या बँडची ४८ गाणी त्यांनी एका संकेतस्थळावर ठेवली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला, आवडली तर उतरवून घ्यायला दिली. काही जणांना फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसत होतं. बाकीच्यांना, आपल्याआधी किती जणांनी ते गाणं उतरवून घेतलं, हा आकडाही दिसत होता. खरी मेख पुढे आहे. आकडा दिसणाऱ्यांचे त्यांनी आठ वेगवेगळे गट पाडले. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून, पण एका गटाचा आकडा दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे एकच जग आठ वेळा चालवून बघितलं म्हणा ना.

आठ जगांत आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. एका जगात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्यात कुठेतरी मधे लोळत पडलेलं. गुणवत्तेला काहीच अर्थ नव्हता असं नाही. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. शिवाय जिथे आकडा दिसत होता तिथे लोकप्रिय आणि दुर्लक्षित यांच्यातली दरी आणखी रुंदावली. पाचामुखी परमेश्वर म्हणायची आपल्याला सवय आहे. इथे पहिली पाच मुखं कुठली निघाली, यावर परमेश्वर ठरत होता.

हे वाचल्यापासून ‘ते गाजलंय म्हणजे त्यात काहीतरी असणारच’ हे वाक्य माझ्याच्याने पूर्ण होत नाही. त्यात काहीतरी असेलही. पण बाकीच्या सात जगांत त्याच्या जागी दुसरंच काहीतरी गाजलं असतं आणि तिथेही आपण हेच वाक्य म्हटलं असतं.

पाच मुखंही कशाला, एकही पुरतं. २०१३ साली लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी प्रसिद्ध केलेला, एका बातम्यांच्या संकेतस्थळावरचा प्रयोग असा: लोकांच्या प्रतिक्रिया प्रसिद्ध होताच त्यांतल्या काहींना, चिठ्ठी टाकून निवडाव्यात तशा, एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवायचं. एकच. पुढे त्या प्रतिक्रियांना मिळालेले अंतिम गुण सरासरीने २५ टक्क्यांनी वर गेले. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र तेवढा टिकला नाही, पुढच्या वाचकांनी तो भरून काढला. आपण दुसऱ्याला खाली ओढायला जरा कचरतो, पण वर चढवायला पटकन हात लावतो. माणसाबद्दल बरं वाटावं अशी ही गोष्ट आहे, आणि बनावट लाइक विकणाऱ्यांचा धंदा चालतो तोही याच चांगुलपणावर.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली, म्हणजे समाजमाध्यमं जन्मालाही आलेली नसताना, एक कोडं मांडलं होतं. चौकात १०० माणसं जमली आहेत. वातावरण तापलेलं आहे. प्रत्येकाच्या मनात एक आकडा आहे: इतक्यांनी दगड उचलला तर मीही उचलीन. एकाचा आकडा शून्य, त्याला कुणाचीच सोबत लागत नाही. पुढच्याचा एक, त्याच्या पुढच्याचा दोन, असं करत शेवटच्याचा ९९. शून्यवाला दगड मारतो, ते बघून एकवाला, ते बघून दोनवाला, आणि बघता बघता शंभरच्या शंभर माणसं दंगलीत. आता यात फक्त एका माणसाचा आकडा बदलायचा. ज्याचा एक होता त्याचा दोन करायचा. बाकी ९९ जणांना हातही लावायचा नाही. शून्यवाला दगड मारतो. दोनवाले दोघे आहेत, पण त्यांना आधी दोन दगड दिसायला हवेत आणि दिसतो एकच. संपलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पहिला जमाव ‘संतप्त’ ठरतो आणि दुसऱ्यात ‘एका माथेफिरूने’ दगड मारलेला असतो. दोन्हीकडची माणसं जवळपास तीच.

मी माझा आकडा तपासून बघितला. विनोदाला माझा आकडा शून्याच्या जवळ आहे. आवडला की पुढे पाठवते, कुणाची वाट बघत नाही. कुणावर अन्याय झाल्याची पोस्ट असेल तर मी आधी खाली कुणाकुणाची नावं आहेत ते बघते. ओळखीचं, विचारी असं कुणी दिसलं तर अंगठा पुढे सरकतो. राजकारणाला माझा आकडा पन्नासच्या पुढे असावा, आणि पन्नास जण झाले की वाटतं, आता माझी काय गरज. ही काही शोभादायक यादी नव्हे. पण माझ्यासारख्या यादीची माणसं बहुसंख्य असणार, असा माझा दाट संशय आहे. तसं असेल तर आपल्याला दिवसभर जे दिसतं ते का दिसतं, याचा बराचसा उलगडा होतो.

आणखी एक समजूत मला सोडावी लागली. विषय कर्णोपकर्णी पसरतो, एकाने दोघांना सांगितलं, दोघांनी चौघांना, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. शरद गोयल, डंकन वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या जवळपास अब्जभर प्रसारांचा माग काढला. बहुतेक सगळं जागच्या जागी विझतं. जे थोडं मोठं होतं, त्यातलंही बरंचसं लांबलचक साखळीने वाढत नाही. लाखो अनुयायी असलेलं एखादं खातं, एखादं वृत्तपत्र किंवा एखादा तारा मधे येतो आणि एका झटक्यात सगळ्यांना ऐकू जातं. म्हणजे आपण जिला लोकांतून उसळलेली लाट म्हणतो, तिच्यात जुन्या पद्धतीचा भोंगा लपलेला असतो. फरक इतकाच, की भोंगेवाल्याच्या कानापर्यंत ते कुणीतरी आधी न्यावं लागतं.

हे मी अगदी जवळून बघितलं आहे. मागे एकदा मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. कुणी मनापासून मोठा मेसेज लिहिला आणि समोरून नुसता अंगठ्याचा इमोजी आला, तर तो अपमान समजावा का? बस. त्याच्या आधीच्या आठवड्यात खपून लिहिलेला एक लेख ओळखीच्यांच्या कौतुकात शांतपणे बुडाला होता. हे अंगठ्याचं लिहिताना तर मी कशाची तरी वाट बघत उभी होते.

पहिले दोन-तीन तास काहीच नाही. मैत्रिणींच्या हसऱ्या खुणा, एका मावसभावाने मुद्दाम पाठवलेला अंगठा. मग मला अजिबात न ओळखणाऱ्या एका गृहस्थांनी ती पोस्ट ‘या पिढीला आता अंगठाही टोचतो’ असं वर लिहून आपल्या भिंतीवर नेली. त्यांच्याकडे वाचक बरेच असावेत. रात्रीपर्यंत माझ्याकडे अनोळखी माणसांची रीघ लागली. अर्ध्यांच्या मते अंगठा म्हणजे ‘पोचलं, वाचलं, ठीक’. अर्ध्यांच्या मते तोंडावर दार लावून घेणं. मी प्रश्न विचारला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी ‘अंगठ्याविरुद्ध’ होते असं ठरून गेलं होतं आणि माझ्या बाजूने लढणाऱ्यांचीही तशीच समजूत होती. मध्यरात्रीच्या सुमाराला दोन परके लोक एकमेकांच्या संस्कारांवर घसरले, ते माझ्या पोस्टखाली. मी सांगायला गेले की अहो, मी फक्त विचारलं होतं, तर माझ्या त्या उत्तराखाली आणखी उत्तरं. काही दिवसांनी नात्यातल्या एका गटात तोच मजकूर आला. चांगला फुगवलेला, ‘एका आईचा सवाल’ असं शीर्षक दिलेला आणि शेवटी दोन हात जोडलेले. धचा मा व्हायला आता आनंदीबाई लागत नाही.

त्या गृहस्थांना मी काही बोलले नाही. माझ्या पोस्टचे दुसरे माणूस तेच, आणि ते माझ्यावर वैतागलेले होते. वैतागलेले होते म्हणूनच थांबले, हे मला पुढे ट्विटरमुळे समजलं. मार्च २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस यंत्रणेचा काही भाग जाहीर केला. कुणापुढे कोणती पोस्ट ठेवायची हे ठरवताना यंत्रणा आधी अंदाज बांधते: हा वाचक लाइक करील का, पुढे पाठवील का, उत्तर देईल का. मग प्रत्येक अंदाजाला ठरावीक वजन लावते. लाइकला अर्धा गुण, रीट्वीटला एक. उत्तराला साडेतेरा. आणि त्या उत्तरात मूळ लेखक स्वतः उतरला तर ७५. म्हणजे २७ जणांना मनापासून आवडून जे होईल ते एकाने खाली येऊन ‘काहीही!’ म्हटल्याने होतं. माझी पोस्ट दुसऱ्या ठिकाणी होती, तिथली वजनं वेगळी असतील. पण ‘अहो, मी फक्त विचारलं होतं’ या माझ्या खुलाशाने त्या रात्री काय केलं असेल, याचा अंदाज मला आता आहे.

फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. रागच हवा होता असं नाही. लाइकखेरीजच्या सगळ्याच चेहऱ्यांना तेवढं वजन होतं, कारण ते निवडायला जास्त मेहनत पडते. पुढे कंपनीच्याच लोकांच्या ध्यानात आलं की रागावलेले चेहरे ज्या पोस्टींवर जास्त, त्यांत खोटंनाटं आणि विखारी मजकूरही जास्त. वजन कमी करत करत २०२० साली रागाला शून्यावर आणलं गेलं. मधली तीन वर्षं जगभरात कशाकशाची चर्चा होत राहिली, त्यात या एका आकड्याचा वाटा किती, हे आता कोण मोजणार?

म्हणून ‘निषेध म्हणून शेअर करत आहे’ असं लिहिणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. सज्जन माणसं असतात. त्यांचा निषेध मोजणारं यंत्र मात्र कुठेच नाही. शेअर मोजणारं आहे. विल्यम ब्रेडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासली. नैतिक आणि भावनिक अशा दोन्ही छटा असलेला प्रत्येक जादा शब्द, लाज, द्वेष, शिक्षा अशा जातीचा, ट्वीट पुढे जाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढवत होता. तेही मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत. पलीकडच्यांपर्यंत ते फारसं पोचतच नव्हतं, ज्यांना लाज वाटावी अशी अपेक्षा होती.

वाचून कुणी पुढे पाठवतं का, हा वेगळाच प्रश्न. २०१६ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं, की ट्विटरवर फिरणाऱ्या बातम्यांच्या दुव्यांपैकी ५९ टक्के कुणी एकदाही उघडलेच नव्हते. मथळा बघून मत आणि मत बघून मत. अशा बाजारात खोट्याला खऱ्यापेक्षा जोर का असतो ते सांगायला नको, पण तेही कुणीतरी मोजलं आहेच. एमआयटीमधल्या सोरूश वोसुघी, डेब रॉय आणि सिनान अरल यांनी २००६ ते २०१७ या काळातल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्यांचा प्रवास तपासला. खरी बातमी १५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ घेत होती. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, बाजूला काढून पाहिलं तरी निष्कर्ष बदलला नाही. जे केलं ते माणसांनीच.

एवढं लिहून झाल्यावर मला स्वतःचाच जरा राग येतो, कारण हे वाचून कुणी म्हणेल, पसरणं म्हणजे वाईटच. तसं मुळीच नाही. टराना बर्क २००६ पासून लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींबरोबर काम करताना ‘मी टू’ हे दोन शब्द वापरत होती. सोबतीचे शब्द होते ते. तुझ्या एकटीवर ही वेळ आलेली नाही, असं सांगणारे. ११ वर्षं ते तिच्या कामाच्या वर्तुळात राहिले. १५ ऑक्टोबर २०१७ ला अलिसा मिलानो या अभिनेत्रीने तेच शब्द लिहून उत्तर द्यायचं आवाहन केलं आणि २४ तासांत एकट्या फेसबुकवर ४७ लाख लोक त्या चर्चेत उतरले होते. शब्द तेच. दुःख तर त्याहून जुनं. नटीच्या हातात भोंगा होता हे खरं आणि त्या महिन्यात हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावरच्या लैंगिक अत्याचारांच्या आरोपांनी आधीच आग लागलेली होती हेही. पण मला वाटतं, यापेक्षा मोठी गोष्ट दोन शब्दांत होती. आपली सगळी कहाणी सांगायची गरज नव्हती, कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, पुरावे मांडायचे नव्हते. ज्या बाईचा आकडा नेहमी हजाराच्या घरात असता, तिला आपल्या ओळखीच्या चौघींच्या भिंतींवर ते शब्द दिसले आणि तिचा आकडा चारवर आला. शाळेतल्या मैत्रिणीच्या नावापुढे ते शब्द बघितल्यावर फोन बाजूला ठेवून नुसत्या बसून राहिलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांतल्या काहींनी नंतर लिहिलं, काहींनी नाही.

२०१४ सालच्या बर्फाच्या बादलीचीही अशीच युक्ती होती, जरा हलक्या सुरातली. डोक्यावर गार पाणी ओतून घ्यायचं, आणखी काही जणांची नावं घ्यायची, त्यांनी २४ तासांत तसं करायचं नाहीतर देणगी द्यायची. बऱ्याच जणांनी दोन्ही केलं. एएलएस या चेतापेशींच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून ११ कोटी ५० लाख डॉलर जमले. दुसऱ्या माणसाची वाट बघत बसायचं नाही, त्याला सगळ्यांदेखत नाव घेऊन बोलवायचं. संकोची माणसाला यापुढे पळता येत नाही.

अशी युक्ती ज्यांना सापडत नाही ते विषय मागे राहतात. ट्विटरची (म्हणजे आताच्या एक्सची) ‘ट्रेंडिंग’ यादी कशाबद्दल किती बोललं जातंय ते मोजतच नाही. ते बोलणं किती झपाट्याने वाढतंय ते मोजते. हा बदल कंपनीने २०१० मध्ये केला, कारण त्याआधी यादीतून गायक जस्टिन बीबर हलायला तयार नव्हता. त्याला हलवलं ते बरंच झालं. पण त्याच नियमाने, रोज सारख्याच प्रमाणात होणारा त्रास यादीत कधीच येणार नाही. तो वाढत नाही, फक्त असतो. आणि जे यादीत येतं तेही टिकत नाही. जगभरातले आघाडीचे हॅशटॅग २०१३ मध्ये पहिल्या ५० त सरासरी साडेसतरा तास राहत होते. २०१६ मध्ये १२ तासही नाही.

उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना लोकांना शहाणं करायचं असतं. मला त्यातल्या त्यात पटलेला उपाय शहाणपणाशी संबंध नसलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने ठरवलं, की जो मेसेज आधीच अनेक हातांतून, पाच किंवा जास्त वेळा, पुढे आलेला आहे तो एका वेळी एकाच व्यक्तीला किंवा एकाच गटाला पाठवता येईल. बंदी नाही, समजूत घालणं नाही. पाठवा की हवा तितक्यांना, फक्त एकेक करून. काही आठवड्यांत अशा मेसेजचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. माझ्या मावशीकडून सकाळी येणारा रतीबही त्याच सुमाराला आटला होता. मी काळजीने विचारलं, मावशी, बरी आहेस ना, हल्ली काही येत नाही तुझ्याकडून.

“अगं, मला काय धाड भरली आहे? पण आता एकेकाला पाठवत बसावं लागतं. एवढं महत्त्वाचं काही नसतं त्यात.”